अकरा कोटांचं टेबल

आमचे हे पॉलिशवाले. लाकडी सामानाला पॉलिश करतात. दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची शेड आणि अंगाला कायम थिनरचा वास. लग्न झाल्यापासून बारा वर्षं मी या माणसाची एक खोड बघत आलेय. कुठलाही नवा डबा आला की त्यातला एक थेंब लाकडाच्या खालच्या बाजूला, कुणाची नजर जाणार नाही अशा जागी लावायचा आणि वाट बघायची. "आधी कोपऱ्यावर," हे त्यांचं ब्रीद. नवा साबण आणला तरी आधी मोरीच्या कोपऱ्यावर. मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, लग्नाआधी मला कुठल्या कोपऱ्यावर लावून बघितलं होतंत?" तर शांतपणे म्हणतात कसे, "तिथेच जरा घाई झाली."

आणि ते टेबल! घरातलं जेवणाचं टेबल यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी पॉलिश केलं. अकरा कोट. प्रत्येक कोट वाळला की घासायचा, मग पुढचा. इतकं चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. त्यावर कप ठेवायचा तर खाली लाकडी चकती हवीच. माझ्या आईने एकदा ओला ग्लास नुसता ठेवला, तर हे फडकं घेऊन असे धावले की आईला वाटलं घराला आग लागली. ती बिचारी तेव्हापासून आमच्याकडे पाणीसुद्धा ओट्याशी उभी राहून पिते.

आता माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे काडी म्हणतात. लहानपणी खरंच काडी होता, म्हणून नाव पडलं. आता दारातून तिरका होऊन शिरतो, पण नाव काही सुटलं नाही. गोदामात माल चढवतो आणि उरलेला सगळा वेळ व्यायामशाळेत. दिवसाला वीस अंडी, पण फक्त पांढरं. पिवळं डब्यात भरून ताईकडे. वर्षभर आम्ही नवरा-बायको पिवळं खाऊन पिवळे व्हायची वेळ आली होती.

तर एका गुरुवारी दुपारी काडी डबा घेऊन आला. रविवारी त्याची शरीरसौष्ठव स्पर्धा. मी म्हटलं, "बस, जेवायला वाढते."

"उभाच बरा आहे, ताई."

ताट हातात घेऊन खिडकीशी उभा राहिला, तोही एका पायावर. मी खुर्ची पुढे सरकवली तर तिच्याकडे असं बघितलं, जसं काही खुर्ची चावणार आहे. मी कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलेलं.

"काय झालंय? खरं सांग, नाहीतर आईला बोलावते."

आईचं नाव काढल्यावर एवढा मोठा धिप्पाड गडी लगेच मऊ पडला. बसायच्या जागी इंजेक्शन घेतलं होतं. स्नायू फुगवायचं. गेले दोन महिने घेत होता. या वेळी उजव्या बाजूला लिंबाएवढा गोळा आलाय, लाल झालाय, पायापर्यंत ठणका जातोय.

"डॉक्टरकडे गेलास?"

"रविवार होऊ दे ना. आणि दुखतं म्हणजे लागू पडतंय, ताई. व्यायामशाळेत सगळे तेच म्हणतात. जेवढं जळजळतं तेवढा माल अस्सल."

माझं डोकंच फिरलं. "मग मिरची पूड घाल ना तिथे! अगदीच अस्सल होईल!"

तेवढ्यात शेडमधून हे आले आणि दारातच थांबले. नाक वर केलं. "घरात पॉलिश उतरवायचा रिमूव्हर कोणी आणलाय?"

कोणीच नव्हता आणला. यांनी वास घेत घेत काडीची पिशवी गाठली आणि आतून बोटाएवढी बाटली काढली. वर सोनेरी सिंहाचं लेबल, तेही वाकडं चिकटवलेलं. कंपनीचा पत्ता नाही, तारीख नाही, नुसता सिंह. सवयीप्रमाणे आधी बाटली उलटी करून बघितली.

"भावजी, बाहेरून मागवलेला माल आहे," काडी म्हणाला.

"बाहेरून म्हणजे कुठून? कुणाच्या स्वयंपाकघरातून?" हे म्हणाले. "हे बघ, चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, स्पिरिटमध्ये प्रमाणातच विरघळतो. जास्त टाकला की तळाला बसतो. मग कामचुकार पॉलिशवाला काय करतो? त्यात जहाल काहीतरी ओततो. चपडा विरघळतो, गिऱ्हाईक खूश. यात तसंच केलंय. तेलात मावणार नाही एवढी औषधाची पूड कोंबलीय आणि ती विरघळावी म्हणून जहाल द्रावण ओतलंय. हा वास मी रोज घेतो."

"थोडंसं सगळेच टाकतात, भावजी. त्याने काही होत नाही."

यांनी माझ्याकडे बघितलं, मग काडीकडे. मला वाटलं आता शेडमधून लाकडाचा तुकडा आणतील, आधी कोपऱ्यावर. पण हा माणूस सरळ टेबलाशी गेला. चकत्या बाजूला केल्या आणि ऐन मधोमध, जिथे सगळ्यात जास्त चमक होती तिथे, त्या बाटलीतला सगळा ऐवज ओतला. त्यावर वाटी पालथी घातली.

"अहो!" मी ओरडले. बारा वर्षं मी ज्या टेबलाला श्वासही जपून लावला, त्यावर हे!

"जेव तू," हे काडीला म्हणाले. "निवांत जेव."

कोणाच्या घशाखाली घास उतरतोय! अर्धा तास आम्ही तिघं त्या वाटीकडे बघत होतो. मग यांनी वाटी उचलली. पॉलिशला सुरकुत्या पडल्या होत्या, दुधावरच्या सायीसारख्या. यांनी फडकं फिरवलं आणि अकरा कोट फडक्याबरोबर निघून आले. खाली उघडं, कोरडं लाकूड.

काडीच्या हातातलं ताट कलंडलं.

"लाकडाला मी परत अकरा कोट चढवीन," हे म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा कापताना ऐकला. "तुला कुठून आणू रे? तुझ्या ताईला काय सांगू?"

काडीने ताट ठेवलं. "चला," म्हणाला. रविवारचं नावसुद्धा काढलं नाही.

रिक्षात बसता येईना म्हणून सीटवर पालथा झोपला आणि पाय बाहेर. सिग्नलला लोक वाकून बघत होते. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हीची लाज वाटत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळा बघितला आणि त्याच संध्याकाळी चिरला. वाटीभर पू निघाला. बाटली न उकळलेली, सुई कुणाची कोण जाणे, आणि त्या द्रावणाने आतलं मांस भाजून काढलेलं. "आणखी दोन दिवस थांबला असतात तर विष रक्तात गेलं असतं," बाई म्हणाल्या. "मग पायाचं सोडा, जीवाचं बघावं लागलं असतं." हे भिंतीला टेकून उभे होते, ते हळूहळू खालीच बसले.

जखम भरायला दोन महिने लागले. त्या जागी एक खळगा राहिला तो राहिलाच. दंड उतरले. काडी पुन्हा सरळ दारातून यायला लागला. रोज संध्याकाळी यायचा आणि उभ्या उभ्या टेबलाचा तो भाग घासायचा. हे शेजारी उभे राहून नुसते सांगायचे: "हलक्या हाताने. वाळू दे. घाई करू नकोस." अंडी मात्र आता अख्खी खायचा, आमचं पिवळं सुटलं.

अकरावा कोट वाळला त्या दिवशी मी तिघांचा चहा आणला. काडीने खुर्ची ओढली. आधी डावीकडून टेकला, मग डोळे मिटून उजवीकडून, आणि चक्क बसला. दोन महिन्यांनी माझा भाऊ खुर्चीत बसला होता. मला काही दिसेना, डोळे भरून आले. त्याने कप हातात धरून चकती शोधायला सुरुवात केली.

"ठेव रे तसाच," हे म्हणाले. "टेबलच आहे ते."

मी पदराने डोळे पुसले आणि कप दाणकन टेबलावर आपटला. "बारा वर्षं! बारा वर्षं हे तुम्हाला सुचलं नाही?"