विनयचं अक्षम्य पाप

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. परक्या गावात राहायला जा, आपल्या भाषेची आठ-दहा घरं शोधा आणि महिन्यातून एकदा एकमेकांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसा. बस्स! पुढचं काम माणसं आपोआप करतात. दिल्लीतली आमची मराठी ख्रिस्ती प्रार्थनासभा अशीच. कुणी द्वारकेत, कुणी गुडगावात, कुणी फरीदाबादला. गुडगावचं गुरुग्राम व्हायचं होतं आणि द्वारकेत मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते. देवाकडे मागायला आमच्याजवळ भरपूर असायचं: सोसायटीला पाणी, नोकरीत कन्फर्मेशन, पोरांना नर्सरीत ॲडमिशन. पण एक वर्ष असं गेलं, की अख्खी सभा एकाच माणसाच्या एकाच प्रश्नात अडकली. आज हसत सांगतेय, पण तेव्हा खरंच भीती वाटायची.

तो माणूस म्हणजे विनय. मूळचा नगरचा, गुडगावात सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं ऑफिस माझ्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. तोही आमच्यासारखा द्वारकेतच राहायचा. रोज मी त्याच्या गाडीतून जायचे, त्यामुळे सगळी खबर मला ताजी ताजी मिळायची.

*

सुरुवात झाली फरीदाबादच्या एका मैदानात. बाहेरगावचे कुणी प्रचारक आले होते. मंडप, लाउडस्पीकर, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. आम्ही मराठी मंडळी गुपचूप बसून उपासना करणारी, त्यामुळे अशा ठिकाणी आमची जागा शेवटच्या रांगेत. तर एक बाई कमरेत वाकलेली स्टेजवर चढली आणि ताठ चालत खाली उतरली! लोक रडायला लागले. प्रचारक ओरडले, हे पवित्र आत्म्यानं केलं!

विनय चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "पवित्र आत्मा कसला? सैतानाचा खेळ आहे हा सगळा!"

आम्ही सगळे हसलो. तिथंच संपायला हवं होतं.

पण विनयनं घरी जाऊन बायबल उघडलं आणि नेमकं तेच पान समोर आलं. येशू लोकांना बरं करत होता, तेव्हा शास्त्री-परूशी, म्हणजे त्या काळचे धर्मपंडित, म्हणाले, हा सैतानाच्या जोरावर करतो. त्यावर येशूनं बजावलं, की माणसांना बाकीच्या पापांची क्षमा मिळेल, पण पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच मिळणार नाही.

सोमवारी सकाळी मी गाडीत बसले, तर हा गाडीच सुरू करेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहरा पांढरा.

"ताई, त्या लोकांनी म्हटलं तेच मी बोललो. अगदी तेच!"

*

साळवे काका आमच्या सभेतले वडीलधारे. फरीदाबादच्या कारखान्यात फोरमन होते. रिटायर झाले तरी बोलायचे असं, की शेजारी मशीन चालू आहे. त्यांनी विनयला समोर बसवलं.

"हे बघ, ज्यानं हे पाप केलं त्याचं मन निबर झालेलं असतं. त्याला भीतीबिती काही वाटत नाही. तुला वाटते ना? मग तू ते केलेलंच नाहीस. विषय संपला! मार्था, चहा टाक!"

मार्था काकू म्हणजे काकांच्या सौभाग्यवती. बोलायच्या कमी, वाढायच्या जास्त. त्यांनी चहाबरोबर विनयपुढे चकल्यांचा डबाच ठेवला. विनयनं तो अर्धा संपवला. किती दिवसांनी पोरगा पोटभर खाताना दिसला म्हणून मला बरं वाटलं.

दोन-तीन दिवस गाडीत शीळ घालत होता. मग एका सकाळी पुन्हा गाडी सुरू होईना.

"ताई, घोळ झाला. काल दुपारभर मला भीतीच वाटली नाही!"

"मग छानच की!"

"छान काय? मन निबर व्हायला लागलं असेल तर? तेव्हापासून जाम घाबरलोय!"

"घाबरलायस ना? मग काकांच्या हिशेबानं सुटलास."

त्यानं किल्लीला हात घातला आणि पुन्हा काढला. "पण ही भीती आपली आपण आली की मी मुद्दाम आणली?"

*

त्याच्या ऑफिसात थॉमस नावाचा एक केरळचा मुलगा होता. धर्मशास्त्रावरची पुस्तकं वाचणारा. त्यानं कँटीनमध्ये विनयला समजावलं, की हे पाप करणं आता कुणाला शक्यच नाही. येशू पृथ्वीवर असताना ज्यांनी त्याचे चमत्कार प्रत्यक्ष पाहिले आणि तरी जाणूनबुजून सैतानाचं नाव घेतलं, त्यांच्यापुरतंच ते होतं. तू तेव्हा होतास का?

मला हे एकदम पटलं. मी म्हटलं, "बघ! सुटलास की नाही?"

"पटतं हो ताई," विनय म्हणाला. "पण थॉमस प्रोजेक्टच्या डेडलाइनबद्दलही इतकाच कॉन्फिडंट असतो!"

*

मराठी पाळक दिल्लीत कुठून आणायचा? म्हणून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायचा भाकरीचा तुकडा, द्यायला एका हिंदी चर्चचे पादरीसाहेब आमच्याकडे यायचे. फार शांत माणूस. त्यांना मराठी फारसं कळत नसे, पण आमची गाणी चालू असताना मान मात्र मनापासून डोलवायचे. विनयनं त्यांना गॅलरीत गाठलं.

पादरीसाहेब म्हणाले, "बेटा, मुँह से एक बार निकली बात वो पाप नहीं है. प्रभु माफ़ी दे रहा है और आदमी आख़िरी साँस तक ठुकराता जाए, पाप वो है."

"आख़िरी साँस तक?"

"बिल्कुल."

"मतलब मेरा रिज़ल्ट तब तक होल्ड पे है?"

पादरीसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "बेटा, नाश्ता किया?"

*

अशी भीती एकट्या माणसाकडे राहत नाही. सभेतला जो तो आपलं जुनं बोलणं आठवून पाहायला लागला. एकदा जेवताना आमच्या अजितनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, घास हातातच धरला.

"सुनीता, पवित्र आत्म्यावरचा तो मोठा उपदेश होता ना, त्या वेळी मी झोपलो होतो. तेही धरतात का?"

मी हसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, की त्या उपदेशाच्या वेळी मीही जागी नव्हते!

*

मग विनयनं ठरवलं, की त्या कंबरवाल्या बाईला शोधून तिची माफी मागायची. काकांनी फरीदाबादमध्ये चौकशी करून तिचं घर काढलं. विनय मला सोबत घेऊन गेला आणि हात जोडून दारात उभा राहिला. बाई आत भिंतीला धरून उभी.

"कमर? अरे भैया, दो दिन ठीक रही, फिर वैसी की वैसी!"

हे ऐकून विनयला अस्सा आनंद झाला! म्हणजे चमत्कार झालाच नव्हता. म्हणजे आपण पवित्र आत्म्याच्या कामाला सैतानाचं म्हटलंच नाही. म्हणजे सुटलो! त्यानं बाईचे चारचारदा आभार मानले आणि उड्या मारत गाडीत येऊन बसला.

परतताना गाडी दिल्लीच्या हद्दीवरच्या बदरपूरला पोचेपर्यंत तो आनंद ओसरला होता. कडेला घेऊन थांबवली.

"ताई, त्या बाईला चालता येत नाहीये आणि मी खूश झालो! हे कसलं मन आहे माझं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईला कमरेचा चांगला पट्टा नेऊन दिला. भीती होती तिथंच राहिली.

*

आता हसण्यासारखं नसलेलं सांगते. आमच्याकडे प्रभुभोजनाचं ताट हातोहात फिरतं. भाकरीचा तुकडा आपण घ्यायचा आणि ताट शेजारच्याकडे द्यायचं. घेण्याआधी ज्यानं त्यानं आपलं मन तपासायचं, अशी शिकवण. विनय मन तपासायचा आणि ताट न घेता पुढे द्यायचा. महिन्यामागून महिने. ताट त्याच्यापाशी आलं, की बाकीचे आपापल्या पायांकडे बघत बसायचे.

त्याची बायको शीतल एकदा माझ्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "ताई, जेवणाआधीची प्रार्थना आता मीच करते. तो मान खाली घालतो, पण आमेन म्हणत नाही. म्हणतो, माझं आमेन तुझ्या प्रार्थनेला लागलं तर तीही वर जायची नाही."

मला फार वाईट वाटलं. मी तिच्या हातातली जुडी काढून घेतली आणि चहा टाकला.

*

आणि मग मार्था काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या आधी घरी येऊन आजाऱ्याला प्रभुभोजन द्यायची आमच्यात रीत आहे. रविवारी दुपारी विनय पादरीसाहेबांना आणि मला घेऊन फरीदाबादला गेला. काकू दिवाणावर उशांना टेकून बसलेल्या, बाजूला काका. विनय नेहमीप्रमाणे दाराजवळ. पादरीसाहेबांनी प्रार्थना केली आणि ताट काकूंपुढे धरलं.

काकूंनी हात जोडले. "मला नको."

काका दचकले. "मार्था, अगं!"

"विनय घेत नाही ना? मग मी कुठल्या तोंडानं घेऊ? मीही तेच बोललेय." काकूंना धाप लागत होती. "माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली. तेव्हा चर्चच्या पायरीवर उभी राहून मी म्हटलं, पवित्र आत्मा वगैरे सगळं झूट, हे सैतानाचं राज्य आहे. याच्यापेक्षा मोठ्यानं म्हटलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही आणि ताटाला हात लावत आले. आता जायच्या वेळी तरी नको."

पादरीसाहेबांना मराठी कळेना. ते ताट धरून विचारत होते, "क्या हुआ? क्या हुआ बहनजी?"

विनय दार सोडून तडक पुढे आला. इतक्या दिवसांत त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"काकू, काहीतरीच काय बोलता! तुमची बहीण गेली होती! दुःखात माणूस बोलतो काहीबाही. देवाला एवढंही कळत नाही का?"

"कळतं म्हणतोस?"

"कळणारच! तुम्हाला क्षमा नाही, असं कधी होईल का?"

काकूंनी ताटाकडे बोट केलं. "मग आधी तू घे. तू घेतलंस की मी घेते."

विनयनं हात पुढे केला आणि मागे घेतला. ऑपरेशन परवावर आलेलं, काकूंचे ओठ सुकलेले, आणि त्या काही हात पुढे करेनात. शेवटी त्यानं तुकडा उचलला. तो तोंडाशी न्यायला धजेना, तेव्हा काकूंनीच त्याचं मनगट धरलं. त्यानं तो तोंडात घातला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मग काकूंनी घेतला. पादरीसाहेबांनी शेवटची प्रार्थना केली, तेव्हा विनयचं आमेन सगळ्यांच्या वर ऐकू आलं. मीही रडत होते.

विनय आणि पादरीसाहेब गाडी काढायला गेले. काका मला सोडायला फाटकापर्यंत आले. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता.

मी म्हटलं, "काका, काळजी करू नका, काकू बऱ्या होतील. बहिणीचं ते मला कधीच माहीत नव्हतं हो."

काकांनी एकदा घराकडे वळून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"अगं, हिला बहीण कुठंय? सगळे भाऊच आहेत. सगळे ठणठणीत." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "प्रभुभोजनाच्या ताटासमोर धडधडीत खोटं बोलली ती, सुनीता. आणि परवा ऑपरेशन! ह्याला क्षमा असते ना गं?"