द्राक्षांच्या पेट्यांमधला कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर चपलांच्या खोक्यापेक्षा थोडाच मोठा होता. यामागे तंत्रज्ञानाचा काही विचार नव्हता. हॉलमधल्या शोकेसमध्ये टीव्हीशेजारी जेवढी जागा उरली आहे तेवढ्यात मावेल ते आण, असं वडिलांनी सांगितलं होतं, आणि टीव्ही हलणार नव्हता. नाशिकमध्ये तेव्हा, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या, मध्ये गाणी घालायची आणि सीडी करून द्यायची, हा धंदा बरा चालायचा. मी तो करायचो. नवरानवरी बदामाच्या आकारात दाखवण्यात माझा हातखंडा होता. त्याबद्दल आज मला काही म्हणायचं नाही.

लहान खोक्याचा त्रास असा की त्यात मोठा पंखा मावत नाही. सगळे तुकडे जोडून झाले की शेवटी अख्खी फिल्म तयार व्हायला तासन्‌तास लागायचे, आणि वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी ओव्हरक्लॉकिंग शिकलो. कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगानं त्याला पळवायचं. कॉम्प्युटर सुरू होताना एक निळा पडदा यायचा, त्यावर आकडे वाढवले की काम झालं. प्रोसेसर पळायचा खरा, पण तापायचा आणि अर्ध्यातच बंद पडायचा. मी झाकण काढून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. आई म्हणाली, घरात माणसाला ताप आला तर तू एवढं करत नाहीस.

त्या मार्चमध्ये माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. मुलगा तिनं स्वतः पसंत केला होता आणि मामांना तो पसंत नव्हता. का नाही, असं विचारलं की ते दर वेळी वेगळं कारण सांगायचे. लग्नाला ते आले, पण तिच्याशी बोलले नाहीत, आणि पाठवणीच्या वेळी तर मांडवात कुठे दिसलेच नाहीत. ती मनमाडला सासरी गेली. तिथून रविवारच्या गाडीनं मुंबई आणि मुंबईहून नवऱ्याबरोबर दुबई, असं ठरलं होतं. बाप आपल्याला निरोपही न देता निघून गेला, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. हे सोबत घेऊनच मी जाणार, असं तिनं मला फोनवर सांगितलं.

शूटिंग मीच केलं होतं. तुकडे जोडताना मला मामा सापडले. गाडीभोवतीची रडारड टिपून झाल्यावर माझा कॅमेरा सहज मागे वळला होता. तिथे पाण्याच्या टँकरच्या आडोशाला मामा एकटे उभे होते आणि डोक्यावरची टोपी काढून टोपीनंच डोळे पुसत होते. बराच वेळ पुसत होते. मला फार वाईट वाटलं. मी लगेच बहिणीला फोन केला, तर तिला वाटलं मी समजूत घालतोय. तेव्हा फिल्म तिच्या हातात द्यायचीच, असं मी ठरवलं. नाशिक रोडला गाडी थांबेल, तेव्हा सीडी द्यायची. फक्त सीडी व्हायला हवी होती, आणि कॉम्प्युटर अर्ध्यात मान टाकत होता.

पिंपळगावच्या बाजूला मामांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं. परदेशी जाणारा माल तिथे गार करून मग कंटेनरमध्ये भरत. शनिवारी सकाळी मी खोकं पिशवीत घालून बसनं तिथे गेलो. कॉम्प्युटर तापतो, एक कोपरा द्या, एवढंच मामांना सांगितलं. कुणाची फिल्म आहे ते सांगितलं नाही. मामा म्हणाले, "ठेव. पण माझ्या पेट्या हलवू नको, भाचेबुवा."

ऑफिसातला मॉनिटर उचलून आणला आणि ऐन मार्चमध्ये मामांचा स्वेटर आणि माकडटोपी घालून मी द्राक्षांत बसलो. घरी ज्या आकड्याला कॉम्प्युटर सुरूही व्हायचा नाही, त्या आकड्याला तो मुकाट पळत होता. इतका शहाण्यासारखा तो कधीच वागला नव्हता. पडद्यावर फिल्म पुढे सरकताना दिसत होती. पेट्या नीट आहेत ना ते बघायला मामा आत आले, तेव्हा पडद्यावर नेमका तो टँकर आला होता.

मामांनी स्वतःला पूर्ण पाहून घेतलं.

"हे काढून टाक," ते म्हणाले.

आता मध्ये थांबवता येत नाही, असं मी सांगितलं. थांबवता येत होतं. मामांनी सरळच असलेल्या दोन पेट्या पुन्हा सरळ केल्या आणि ते बाहेर गेले.

फिल्म झाली. कॉम्प्युटर बंद करून, तिथेच गारठ्यात ठेवून मी मामींकडे जेवायला गेलो. जेवताना मामा फक्त मीठ मागण्यापुरते बोलले. जेवण झाल्यावर मी खोकं उचललं, बाहेर उन्हातून ऑफिसात आणलं, आणि सीडी करण्यासाठी लगेच सुरू केलं. थंडीतून बाहेर काढलेल्या द्राक्षांना घाम येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी द्राक्षबागाइतदारांचा भाचा आहे. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नाही. चट्‌ असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. झाकण काढलं तर आत सगळं ओलंचिंब. फिल्मही त्यातच गेली. कॅसेट शाबूत होती, पण दिवस उरला नव्हता.

मामांनी आत डोकावून पाहिलं. "भिजला," ते म्हणाले. सीडी उद्या गाडीवर तिला द्यायची होती, असं मी सांगितलं. झाकण परत लावत त्यांनी विचारलं, गाडी नाशिक रोडला किती वाजता येती.

रविवारी प्लॅटफॉर्मवर मी रिकाम्या हातांनी उभा होतो. शेजारी मामा धुतलेल्या कपड्यांत. गाडी आली, बहीण दारात आली, मागे तिचा नवरा. मामांना पाहून तिनं मान फिरवली आणि मला विचारलं, "दादा, सीडी?" मी हवेतला दमटपणा, थंड लोखंड, असं काहीतरी समजावायला लागलो. गाडी तिथे दोन मिनिटं थांबते आणि त्यातलं एक मी या समजावण्यातच घालवलं.

मामांनी मला हातानं बाजूला केलं.

"मी टँकरमागं होतो," ते म्हणाले. "तिथं रडत होतो. तेवढंच दाखवायचं व्हतं याला."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. गाडी हलली. ती पायरीवर उतरली, वाकली, आणि तिनं हात पुढे केला. मामा तो धरून गाडीबरोबर चालू लागले, मग भरभर चालू लागले, मग त्यांना तो सोडावा लागला. ती अजून बाहेरच झुकलेली होती. ज्या माणसाचं नाव त्यांनी आजवर तोंडात घेतलं नव्हतं, त्याच्याकडे बघून मामा ओरडले, "जावईबुवा, धरा तिला नीट. पडंल ती."