तेरा नंबर गाळलेली यादी

मी टायपिस्ट नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण चंडीगडच्या त्या तीन वर्षांत निम्म्या लोकांनी मला टायपिस्ट समजलं आणि उरलेल्यांना मी काय करते हे विचारावंसंही वाटलं नाही. नवरा एअर फोर्समध्ये, दर तीन वर्षांनी बदली, आणि मी सांगलीची बीएस्सी, प्रत्येक गावात नव्यानं नोकरी शोधणारी. अधिकाऱ्याच्या बायकोला नोकरी देताना लोक दोन गोष्टी धरून चालतात: बाई शिकलेली आहे आणि बाई जाणार आहे. दुसरी गोष्ट त्यांना जास्त सोयीची वाटते.

आयटी पार्कात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. आमची कंपनी तिथे परवडणारी नव्हती. इंडस्ट्रियल एरियात, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर दोन खोल्या होत्या आणि तिथे आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. लॅब, औषधांचं दुकान, ओपीडी, बिलं, अशी वीस पॅकेजेस. ज्याला जे हवं ते तो घ्यायचा. सुधारणा झाली की नवी सीडी कुरियरनं पंजाब, हरियाणा, हिमाचलात जायची. सीडी घातली की सुधारणा बसवणाऱ्या प्रोग्रॅमची, म्हणजे अपडेटरची, खिडकी उघडायची, आणि कोणत्या पॅकेजमध्ये काय बदललं हे सांगणाऱ्या चार ओळी तिच्यात दिसायच्या. त्या चार ओळी, म्हणजे रिलीज नोट्स, लिहिणं हे माझं काम.

मी येण्याआधी या नोट्स मालक स्वतः लिहायचे. लिहायचे कसले, एकच वाक्य वीस ठिकाणी चिकटवायचे: किरकोळ सुधारणा केल्या आहेत. मला ते बघूनच राग आला. मी प्रोग्रॅमरांशेजारी स्टूल ओढून बसायचे, काय बदललंत ते त्यांच्याकडून उकरून काढायचे, एका जाड रजिस्टरात उतरवायचे आणि मग साध्या इंग्रजीत नोट लिहायचे. मालक हसायचे. हे सगळं वाचतं कोण, असं त्यांचं म्हणणं.

वाचणारा एक निघाला. पंचकुल्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी लॅब चालवणारा एक गृहस्थ. त्याचा फोन आला तेव्हा तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. त्याच्या लॅबमधून एका सात वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट गेला होता. वाढत्या वयात रक्तातल्या एका घटकाचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतंच, पण रिपोर्टवर शेजारी मर्यादा छापली गेली ती मोठ्या माणसांची. धडधाकट पोरगी लिव्हरची पेशंट दिसायला लागली. आईबाप तिला घेऊन चंडीगडच्या मोठ्या हॉस्पिटलात निघाले होते, तेवढ्यात गावातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. आता ते डॉक्टर त्याच्याकडे रक्ताचे नमुने पाठवायला तयार नव्हते.

माझा गोंधळ झाला नाही. नुकत्याच पाठवलेल्या अपडेटनं मुलांच्या मर्यादा पुसल्या जाणार हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी लिहिलं होतं की त्या पुन्हा भरा, भरल्याशिवाय रिपोर्ट छापू नका. मी त्याला विचारलं, नोट वाचली नाहीत का? तो म्हणाला, वाचली. आणि मग त्याच्या स्क्रीनवर जे होतं ते त्यानं मला वाचून दाखवलं: औषधांच्या एक्स्पायरीची यादी आता मोठ्या अक्षरात छापली जाईल.

ही औषधांच्या दुकानाची नोट होती. लॅबच्या खिडकीत ती कशी गेली?

मी सीडी घेतली आणि एकेक पॅकेज उघडत रजिस्टरशी ताडून पाहिलं. एक ते बारा, सगळं बरोबर. चौदापासून पुढे सगळं चूक. लॅबला दुकानाची नोट, दुकानाला ओपीडीची, ओपीडीला बिलांची, प्रत्येकाला शेजाऱ्याची. शेवटचं, एकवीस नंबरचं पॅकेज बॅकअपचं, त्याच्यासमोर नुसती पांढरी जागा. त्या पांढऱ्या जागेवरून मालकांनी मला दोनदा टोकलं होतं की बॅकअपची नोट लिहायचा मॅडम आळस करतात.

तेरा नंबरचं पॅकेजच नव्हतं. चंडीगडात तेव्हा तेरा नंबरचा सेक्टर नव्हता, बारानंतर चौदा, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. शहर बांधणाऱ्यांनी जो नंबर टाळला तो आपण कशाला घ्या, म्हणून मालकांनी यादी करताना तेरा गाळला होता. पण अपडेटरही त्यांनीच लिहिलेला, आणि तो बिचारा ओळी मोजायचा. नोट्सच्या फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजची एक ओळ; चौदा नंबरच्या पॅकेजला तो चौदावी ओळ दाखवायचा. तेराची ओळच नसल्यानं ती असायची पंधरा नंबरच्या पॅकेजची. सगळीकडे एकच वाक्य होतं तोवर हे कुणाला कळणंच शक्य नव्हतं. मी खऱ्या नोट्स लिहायला लागले आणि त्या वर्षभर चुकीच्या दारात पडत राहिल्या.

हे मी मालकांना दाखवलं. चूक त्यांना पटली, यात शंका नाही. पण संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एक त्या लॅबवाल्यासाठी माफीचं पत्र: आमच्या टायपिस्टच्या हातून एका नोटमध्ये चूक झाली, क्षमस्व. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. दुसरा कागद माझ्या अनुभवाचा दाखला, त्यांची सही झालेला.

"मॅडमजी, आप तो वैसे भी जा रही हो," ते म्हणाले. आवाज अगदी गोड होता. सॉफ्टवेअरच चुकतं असं कळलं तर गिऱ्हाईक पळेल. टायपिंगची चूक लोक विसरतात. इकडे सही करा, तिकडे दाखला उचला.

दोन्ही कागद तिथेच ठेवून मी घरी आले. बदलीला तीन महिने उरले होते. नवरा म्हणाला, दाखला घे आणि मोकळी हो, त्या माणसाला तू पुन्हा कधी बघणारही नाहीस. त्याचं चुकत नव्हतं. दाखल्याशिवाय पुढच्या गावात मला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार, हे मलाही कळत होतं. पण माझं डोकं फिरलं होतं.

"अहो, एका नोटची चूक असती तर केली असती सही," मी म्हटलं. "आठ पॅकेजेसच्या नोट्स वर्षभर उलटसुलट गेल्यात. मी सही केली तर बाकीच्या लॅब्जना कोण सांगणार?"

मग तो म्हणाला, तुझं तू बघ. मी ते परवानगीसारखं घेतलं, खरं तर मला परवानगी नकोच होती.

दुसऱ्या दिवशी मी नव्या सीडीसाठी एक नोट लिहिली, या वेळी अपडेटरचीच, सगळ्यात वर दिसेल अशी. चौदा नंबरपासून पुढच्या सर्व पॅकेजेससमोर गेलं वर्षभर दुसऱ्याच पॅकेजच्या नोट्स दिसत होत्या. दोष नोट्सचा नव्हता, अपडेटरचा होता. खऱ्या नोट्स सोबत दिल्या आहेत. लॅबवाल्यांनी मुलांच्या मर्यादा आजच तपासाव्यात. खाली मी माझं पूर्ण नाव घातलं. तोवर कुठल्याही नोटखाली नाव नसायचं.

ती छापून मी मालकांच्या टेबलावर ठेवली, लपूनछपून काही केलं नाही. ते लाल झाले. त्यांनी विचारलं, आणि मी नाही पाठवली तर? मी रजिस्टर उघडून दाखवलं. शेवटच्या पानांवर सगळ्या लॅब्जचे फोन नंबर होते.

"फिर मैं फ़ोन करूँगी," मी म्हटलं. "एक-एक को."

त्यांनी दाखला उचलला, माझ्या देखत दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकला. मग संगणकाकडे वळून अपडेटर दुरुस्त करायला बसले. दहा मिनिटं लागली. सीडी त्याच आठवड्यात गेली, माझ्या नोटसकट. लॅबवाल्याचा फोन आला. त्यानं नोट छापून डॉक्टरांना नेऊन दिली होती आणि नमुने पुन्हा यायला लागले होते. मालक माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. मीही कामापुरतंच बोलले आणि त्या तीन महिन्यांच्या सगळ्या नोट्सखाली नाव घालत राहिले.

पुढची बदली जोधपूरला. पहिल्याच मुलाखतीत अनुभवाचा दाखला मागितला गेला. मी तो नसल्याचं सांगितलं आणि त्या नोटची छापील प्रत पुढे केली. समोरच्या गृहस्थांनी ती दोनदा वाचली.

"म्हणजे मालकाची चूक तुम्ही गिऱ्हाइकांना कळवलीत," ते हिंदीत म्हणाले.

मी हो म्हटलं.

"आमच्याकडेही कळवाल?"

"तुम्ही केलीत तर," मी म्हटलं.

ती नोकरी मला मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन मी पुढच्या ऑफिसात गेले.