तीन आखूड, एक लांब

खोटं कशाला बोलू? यहूदा वंशाच्या शम्मावर मी पहिल्या दिवसापासून जळायचो.

आम्ही एफ्राइम वंशाची माणसं. आमच्या टेकडीवरचं शिंग आधी आजोबांनी फुंकलं, मग बापानं, मग मी. दोन लांब फुंकरी मारल्या की एफ्राइमचे गडी भाले घेऊन हजर. प्रत्येक वंशाची हाक वेगळी असायची. मग आम्हाला राजा मिळाला आणि हुकूम आला: यापुढे बाराही वंशांची हाक एकच, तीन आखूड, एक लांब. आणि ती शिकवायला आला कोण? तर हा यहूदाचा मेंढपाळ!

"दादा, गाल कशाला फुगवता? पोटातून फुंका," म्हणाला. मला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर घरात त्याचंच कौतुक. बायको त्याला अंजिराची ढेप वाढायची आणि मला वाळकी भाकर. "तुम्ही फुंकलं की कुत्री भुंकतात. त्याचं ऐकून अंगावर काटा येतो हो," म्हणायची.

जवाच्या कापणीत आमचे वैरी पलिष्टी दरीतून वर चढले. दक्षिणेच्या टेकडीवरून शम्मानं हाक दिली. ती जशीच्या तशी उत्तरेला पोचवायची, एवढंच माझं काम. पण म्हटलं, हट्! माझ्या टेकडीवर याची हाक? फुंकल्या दोन लांब.

उत्तरेच्या मनश्शेवाल्यांनी ऐकलं. 'एफ्राइमवाल्यांचं काहीतरी घरचं दिसतंय,' म्हणाले, आणि परत विळे चालवू लागले. आमचे जेमतेम तीस गडी जमले. आणि खाली खळ्यावर, पलिष्ट्यांच्या ऐन वाटेत, माझी लेक तिर्सा जव झोडत होती.

शेवटी शम्माच आपले गडी घेऊन धावत आला. खळ्याच्या बांधावर चढला आणि भाला छातीत घुसेपर्यंत ती हाक फुंकत राहिला. तेव्हा कुठे मनश्शेवाले विळे टाकून पळत आले. तिर्सा वाचली. शम्मा गेला.

दोन लांब कुणी फुंकल्या, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तोंडावर कुणी बोलत नाही.

आता त्याचं शिंग माझ्याकडे आहे. परवा पुन्हा पलिष्टी आले, तेव्हा तेच फुंकलं. तीन आखूड, एक लांब, पोटातून. मनश्शे, बन्यामीन, यहूदा, सगळे धावून आले. तिर्सा डोळे पुसत म्हणाली, "बाबा, अगदी शम्माकाकांसारखं!"

आणि माझ्या पोटात दुखलं. मेलेल्या माणसावरसुद्धा मी जळलो.