सर्व्हरची मोजणी मी तपासली

लेकरांनो, परवा फोनवर "आजीला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?" म्हणून तुम्ही हसलात, म्हणून हे आजच लिहिते. तुमची आई लग्नाआधी सुट्टीत हिंगोलीला आली होती. माहिती साठवणारा डेटाबेस सर्व्हर आपल्या कामाची आकडेवारी कशी गोळा करतो, ते तिनं कोडमध्ये बदललं होतं. तिचा तो पहिलाच बदल, आणि संध्याकाळपर्यंत तो सर्व्हर बनवणाऱ्यांकडे पाठवायचा होता. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मला फक्त त्यातल्या कागदावर छापलेल्या इंग्रजी टिपा तपासायच्या होत्या. कॉम्प्युटर सुरूही करता येत नसलेल्या मी अख्खा बदलच अडवला! कामांची गर्दी झाली की काम अडू नये म्हणून सर्व्हर मोजणीतल्या काही नोंदी सोडून देणार होता, आणि ते मला खपेना.

"आई, काहून अडवून राहिलीस? मोजायसाठी काम थांबवायचं का?"

"थांबवायचं!"

"व्हय, मामाच्या लग्नात तू पानं मोजायला पंगत थांबवलीस. मागचे लोक उन्हात उभे, अन् वरण गार!"

तुमचे आजोबा इतके हसले की मी मुकाट्यानं लाल पेन उचललं आणि टिपेत इंग्रजीत एकच वाक्य घातलं: मोजणीसाठी काम थांबवू नये. बदल मंजूर झाला. ते वाक्य त्या कोडमध्ये अजून आहे.