सांबार म्हन

माझ्या मोठ्या जाऊबाई, कुंताबाई, कशाला म्हणून भीत नाहीत. पवनारला आमची भाजीची वाडी आहे. तिथे वांग्यांच्या ओळीत साप निघाला तर त्या पुरुषांना हाक मारत नाहीत, स्वतःच काठी आणतात. वर्ध्याच्या बाजारात त्या दलालाशी भांडायला लागल्या की मीच मागे सरकते. त्यांना धडकी भरते ती फक्त फोनची. मुलगी अंकिता इंजिनीअरिंगला पुण्याला गेली, तेव्हापासून फोन वाजला की त्यांचा हात छातीवर जातो. मी त्यावरून त्यांना भरपूर चिडवायची.

त्या रविवारी दुपारी मीच सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. कॉलेजच्या पोरांचा विनोदी हिंदी सिनेमा लागणार होता. ज्या कादंबरीवरून तो काढला ती मी लग्नाआधी वाचलेली, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. मोठे भाऊजी, मनोहरराव, जेवून लोडाला टेकले होते. कुंताबाई सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात.

सिनेमात खेड्यातला एक पोरगा होस्टेलवर येतो. बाकीची पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करतात. मग त्याच्या आईचा फोन येतो आणि हा बातम्या वाचल्यासारखा शुद्ध हिंदीत सांगतो, मी अत्यंत आनंदात आहे. भाऊजी टाळी वाजवून हसले. मीही हसले. कुंताबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“थो घरी असा नाई बोलत,” त्या म्हणाल्या.

“सिनेमा हाये तो, ताई.”

“वर्षाली, परवा मी अंकीले म्हटलं, यंदा सांबार चांगला निंगाला. तं म्हंते, हो का, छान आली का कोथिंबीर?”

“पुन्यात राह्यते ते. मंग काय म्हनन?”

“मी तिची माय. माह्यासंगं काऊन म्हंते?”

पडद्यावर तोच पोरगा आता गच्चीचा जिना चढत होता. “घाबरू नका, पुस्तकात त्याले काई होत नाई,” मी म्हटलं.

“पुस्तकातलं नको सांगू मले. फोन लाव.”

मी स्पीकरवर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कुंताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि मी घाईने तिसऱ्यांदा लावला. भाऊजींनी टीव्हीचा आवाज बंद केला. शेवटी एकदाचा अंकिताने उचलला.

“हां आई. मी मस्त आहे. अभ्यास करत होते.”

मागे वाऱ्याचा आवाज येत होता. कशी आहेस, हे कुंताबाईंनी विचारलंच नाही.

“अंकी, कोन हाये तुह्याजवळ?”

“कुणी नाही.”

“मंग सांबार म्हन.”

“काय?”

“सांबार म्हन, बेटा.”

पलीकडे नुसता वारा. मग पोरीला असं रडू फुटलं की मला ते ऐकवेना.

“आई, माहं नावच सांबार ठेवलं इथं. पयल्या दिवशी मेसमधी म्हटलं, वरून थोडा सांबार टाका. तं त्यायनं भातावर इडलीचं सांबार वतलं. सारे हासले. तवापासून तोंड उघडलं का हासतेत. मी जेवाले जातच नाई आता. मले नाई राहावत, आई.”

“कुठं हायेस तू?”

“गच्चीवर.”

भाऊजी ताडकन उठले. कुंताबाईंनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. आवाज त्यांनी बाजारातला काढला.

“मांगं सरक. सरकली? आता जिना उतर. फोन ठेवू नको. वाडीत काय काय हाये, सांग मले.”

“वांगे,” एक हुंदका. चपलेचा आवाज. “मेथी.”

“अजून?”

“भेदरं.” टमाट्याला ती लहानपणापासून भेदरं म्हणते.

“अन्?”

ती थांबली. चपलेचा आवाजही थांबला.

“सांबार.”

चपला पुन्हा वाजू लागल्या. कुठेतरी दार करकरलं. “आली खोलीत,” ती म्हणाली.

“कडी लावू नको. बाजूच्या पोरीले बोलाव, तिच्यापाशी बस. तुहे बाबा अन् मी येऊन राह्यलो.”

फोन त्यांनी ठेवलाच नाही. बाजूची पोरगी आली, तिच्याशी बोलल्या, तरी चालूच ठेवला. भाऊजींनी स्टेशनवर जायला ऑटो आणला. सांबाराचा ढीग तसाच पडला होता. त्यातली एक मूठ पदरात बांधून त्या ऑटोत बसल्या आणि मग फोनवर हात दाबून, पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, “वर्षाली, पुस्तकात थो पोरगा वाचते ना?”

“वाचते, ताई.”

“तू नीट वाचलं होतं ना?”