न टोचणारा गाल

माझा थोरला भाऊ खुर्च्या-सोफे मढवतो. त्याने ताणलेल्या कापडाला सुरकुती शोधूनही सापडायची नाही. एका हातात हातोडी, दुसऱ्यात कापड, मग खिळे ठेवणार कुठे? तोंडात. मूठभर बारीक खिळे उजव्या गालात, जिभेने एकेक ओठांवर आणायचा. डावा गाल तंबाखूचा. वहिनी म्हणायची, "यांच्या तोंडात दोन-दोन भाडेकरू. माझ्याशी बोलायला जागाच उरत नाही."

दादा हसायचा, पण हल्ली ओठ मिटूनच. घासही लहान झाला होता.

एका दुपारी मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले. बोलता बोलता त्याच्या तोंडात काहीतरी चमकलं.

"दादा, आ कर बघू."

दोन बोटं जेमतेम मावतील एवढंच तोंड उघडलं. डाव्या गालात आतून खिळा रुतला होता, त्याचं डोकं तेवढं बाहेर. भोवतीची कातडी पांढरीफटक. रक्ताचा टिपूस नाही.

त्याने चिमटीत धरून तो उपसला, सदऱ्याला पुसला आणि समोरच्या खुर्चीत ठोकला.

"दुखलं नाही?"

"छे. तिकडे आता टोचतच नाही. म्हणून तर हल्ली खिळे तिकडे ठेवतो आणि तंबाखू उजवीकडे. सोयच झाली."

मी तशीच वहिनीकडे गेले.

"दुखत नाही तर डॉक्टर कशाला?" असं तो म्हणत राहिला. वहिनीने दुकानाला कुलूप घातलं आणि त्याला नेलंच. मीही बरोबर गेले.

"डोळे मिटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोचलं की हात वर करा."

सुई गालात गेली. मग जरा पुढे, मग मागे, जबड्याजवळ. मी मनात देवाचं नाव घेत होते. दादाचा हात मांडीवर तसाच. बाईंनी सुई बाहेर काढली.

"करा की सुरू," दादा म्हणाला. "मी काही लहान पोर नाही."

त्याने डोळे उघडले, आमचे चेहरे पाहिले, मग सुई. तिचं टोक लाल होतं.

"तंबाखूने गाल असा झालाय," बाई म्हणाल्या. "दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट. कर्करोग असू शकतो. तुकडा काढून तपासायला हवा."

दादाने बोट घालून गाल चाचपला, परक्याचा चाचपावा तसा.

"काढा तुकडा," तो म्हणाला. "पण हिला बाहेर बसवा."

वहिनी हलली नाही. "आधी ती तंबाखूची पुडी द्या," एवढंच म्हणाली.

दादाने खिशात हात घातला. तो हात बराच वेळ बाहेर येईना.